वरखर्चाचा रकाना

लस स्वस्त झाली की प्रश्न सुटला, असं मी बरीच वर्षं मानत आलो आणि चारचौघांत ठासून सांगतही आलो. आज तसं मानत नाही. कुठला प्रसंग पाहून गलबललो आणि मत बदललं, असंही झालं नाही. कागद वाचता वाचता, आकडे जुळवता जुळवता ते सरकत गेलं. कसं सरकलं ते मांडून ठेवावंसं वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी पेशानं कॉस्ट अकाउंटंट. उमेदीची वर्षं कारखान्यांच्या हिशेबात गेली. निवृत्तीनंतर एका छोट्या आरोग्यसंस्थेनं विश्वस्त म्हणून बोलावलं आणि माझ्यासमोरच्या कागदांवर कच्च्या मालाच्या जागी औषधं, सुया आणि शिबिरं आली. बघण्याची सवय मात्र जुनीच राहिली. अंदाजपत्रक हातात आलं की मुख्य माल एका बाजूला काढायचा. गाडीभाडं, भत्ते, प्रशिक्षण, छपाई, सभा हे सगळं दुसऱ्या बाजूला, वरखर्चाच्या रकान्यात टाकायचं. मग लाल पेन्सिल घेऊन त्या रकान्यावर बसायचं. वरखर्च जितका कमी तितका कारभार चोख, यावर माझी श्रद्धा होती. लसीकरणाच्या बाबतीत मुख्य माल म्हणजे लस, आणि बाकी सारं ती पोचवण्याचा उपद्व्याप.

ही श्रद्धा ज्या लशीनं हलवली ती एचपीव्हीची. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच या विषाणूच्या लागणीतून होतो. 2022 मध्ये जगभरात सुमारे 6,60,000 स्त्रियांना तो झाला आणि सुमारे 3,50,000 स्त्रिया त्यानं दगावल्या. या मृत्यूंपैकी 94 टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. लागण होण्याआधी, म्हणजे साधारण 9 ते 14 या वयात मुलीला लस मिळाली, तर या कॅन्सरचा मोठा भाग टळतो. 2006 मध्ये अमेरिकेत गार्डासिल या एचपीव्ही लशीला परवानगी मिळाली तेव्हा तीन डोस मिळून सुमारे 360 डॉलर पडत. ज्या देशांत या रोगानं सर्वाधिक बायका मरत, तिथल्या आरोग्यमंत्र्यानं त्या आकड्याकडे बघण्यातही अर्थ नव्हता. त्यामुळे 2013 च्या मे महिन्यात गॅव्ही या जागतिक लस आघाडीनं गरीब देशांसाठी डोसची किंमत 4.50 डॉलरपर्यंत खाली आणली, तेव्हा मला वाटलं, संपलं. आता उरलं ते वाटप. पुढे चीनची सेकोलिन आली, तिची गॅव्हीसाठीची किंमत 2.90 डॉलर झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकलाही 2022 मध्ये आपल्याकडे परवानगी मिळाली. किमतीच्या बाजूनं माझं भाकीत बरोबर ठरत होतं. डगमगायला लागलं ते ‘आता उरलं ते वाटप’ हे वाक्य.

पहिला धक्का गॅव्हीच्याच नियमावलीनं दिला. एखादा देश नवी लस सुरू करतो तेव्हा तयारीसाठी गॅव्ही अनुदान देते. तान्ह्या बाळांच्या लशीसाठी ते प्रत्येक बाळामागे 80 सेंट होतं आणि एचपीव्हीसाठी प्रत्येक मुलीमागे 2 डॉलर 40 सेंट. तिप्पट! पैसे देणारी संस्था स्वतःहून तिप्पट देतेय म्हटल्यावर माझ्यातला हिशेबनीस सावध झाला. इतका फरक का?

उत्तर शोधताना लक्षात आलं की आपल्याला परिचित असलेली लसीकरणाची सगळी व्यवस्था बाळाभोवती बांधलेली आहे. बाळ जन्मतं तेव्हा नोंद होते. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, अशा तारखा ठरलेल्या असतात. आई त्याला कडेवर घेऊन येते. आशाताईच्या वहीत त्याचं नाव असतं, अंगणवाडीत त्याचं वजन होतं. बारा वर्षांच्या मुलीचं यातलं काहीच नाही. ती आजारी नसते, गरोदर नसते, कुणाच्या कडेवर नसते. आरोग्य केंद्राची पायरी चढायला तिला काही कारणच नसतं. मग केंद्रानं तिच्याकडे जायचं. म्हणजे परिचारिकेनं व्हॅक्सिन कॅरियर उचलून शाळेत जायचं आणि त्या दिवशी केंद्रातली तिची खुर्ची रिकामी ठेवायची. मुख्याध्यापकांशी आधी बोलायचं, शिक्षकांना समजावायचं, पालकांची सभा घ्यायची. फक्त मुलींनाच लस का, पुढे मूलबाळ होणार ना, या प्रश्नांना उत्तरं द्यायची. आणि त्या काळी सहा महिन्यांच्या आत हे सगळं तीनदा करायचं, कारण डोस तीन होते.

तरीही मी लगेच हरलो नाही. मनात म्हटलं, शाळेत जाण्याचा हा खटाटोप महाग आहे, तर तो टाळणारी पद्धत शोधा. ती पद्धत युगांडात आधीच वापरून पाहिलेली होती, आणि तिथल्या आकड्यांनी मला खरं विचारात पाडलं.

युगांडात 2008-09 च्या सुमारास दोन जिल्ह्यांत दोन तऱ्हा करून बघितल्या. इबांडा जिल्ह्यात लसटोचक शाळांत गेले आणि पाचवीच्या वर्गातल्या मुलींना लस दिली. नाकासोंगोला जिल्ह्यात वेगळी मोहीम उभारलीच नाही. त्या देशात एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये मुलांना जंतनाशक आणि जीवनसत्त्व ‘अ’ देण्याची मोहीम असते. तिलाच ही लस जोडली आणि दहा वर्षांच्या मुलींना ती द्यायची ठरवली. डोसमागचा खर्च नाकासोंगोलात बराच कमी आला. माझी पेन्सिल असती तर मी नाकासोंगोलाच्या पारड्यात मत टाकून मोकळा झालो असतो. पण पुढच्या ओळीत किती मुली पूर्ण संरक्षित झाल्या त्याची नोंद होती. इबांडात जवळपास 90 टक्के, नाकासोंगोलात 60 टक्क्यांच्या आसपास. याचं एक कारण अगदी साधं होतं. पाचवीत कोण आहे हे हजेरीपटावरून कळतं. दहा वर्षांची कोण आहे हे अनेक मुलींच्या आयांनाही नक्की सांगता येत नव्हतं.

या दोन जिल्ह्यांत लशीची किंमत सारखी होती. खरं तर शून्य होती, कारण लस देणगीत आलेली होती. माझ्या मतानुसार किंमत हाच प्रश्न असता, तर किंमत शून्य झाल्यावर दोन्हीकडचं चित्र सारखं दिसायला हवं होतं. फरक पडला तो पूर्णपणे वरखर्चाच्या रकान्यातून. ज्या रकान्याला मी कातरी लावायची म्हणत होतो, तीस टक्के मुलींचं भवितव्य त्या रकान्यात ठरलं होतं.

भूतानचा अनुभवही तोच. 2010 मध्ये त्या देशानं शाळांमधून लस दिली, मुली भरभरून आल्या. पुढची काही वर्षं हेच काम आरोग्य केंद्रांवर सोपवलं. प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास उतरलं. 2014 मध्ये पुन्हा शाळा धरल्या आणि ते पुन्हा चढलं. देश तोच, लोक तेच, लसही देणगीतलीच. बदलली ती कोण कुणाकडे जाणार ही एक गोष्ट.

सरासरी खर्चाचं सौंदर्य कसं तयार होतं हे मला कारखान्यातून चांगलं ठाऊक आहे. अवघड गिऱ्हाईक सोडून दिलं की सरासरी सुधारते. लसीकरणातही तेच होतं. पटावरच्या, हजर असलेल्या, रस्त्याकडेच्या शाळेतल्या मुली स्वस्तात मिळतात. शाळा सुटलेली, घरकामाला लागलेली, डोंगरापलीकडची मुलगी महाग पडते. पण हीच मुलगी लवकर लग्न होऊन जाण्याची शक्यता जास्त, आणि पुढे तिशी-चाळिशीत तिची तपासणी होण्याची शक्यता सगळ्यांत कमी. लशीचा उपयोग तिला सर्वांत अधिक. तिला वगळून आलेली कमी सरासरी म्हणजे ज्या कामासाठी पैसा खर्चला तेच काम अर्धवट टाकल्याची पावती.

तरी एक शंका मनात होती. भत्ते आणि गाड्या एक वेळ मान्य. पण सभा, पत्रकं, समजावणं यावर इतका पैसा कशाला? संमतीपत्रावर सही घ्यायला असा कितीसा वेळ लागतो? त्याचं उत्तर आपल्याच देशात होतं. 2009 मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत या लशीचा प्रायोगिक प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर 2010 च्या एप्रिलमध्ये तो थांबवण्यात आला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचं आढळलं नाही. आढळली ती संमतीतली हेळसांड. संसदेच्या स्थायी समितीच्या 2013 च्या अहवालात नोंद आहे की आंध्रातल्या तपासलेल्या 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डनांच्या सह्या होत्या. आईबापांना गाठायला वेळ लागतो, पैसा लागतो. तो तिथे वाचला. त्या वाचलेल्या पैशाची किंमत पुढे या लशीभोवती वर्षानुवर्षं साचलेल्या संशयानं वसूल केली. कुठल्याही ताळेबंदात ती रक्कम दाखवलेली नाही, पण मला ती दिसते. पालकसभेच्या ओळीवर मी आता पेन्सिल ठेवत नाही.

त्या स्थगितीचा आणखी एक परिणाम झाला, आणि एका हिशेबनिसाला त्याचं अप्रूप अधिक. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा एक मोठा अभ्यास भारतात चालू होता. त्यात आपलं पुणे होतं आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलही होतं. याच हॉस्पिटलच्या सहभागानं तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सर तपासणीचा जगभर वाखाणला गेलेला अभ्यास झाला होता. लशीच्या अभ्यासात दोन डोस पुरतात की तीनच हवेत, हे तपासायचं होतं. 2010 च्या सरसकट स्थगितीनं लस देणं मध्येच थांबलं आणि सुमारे 5,000 मुली एकाच डोसवर राहिल्या. योजनेप्रमाणे त्या अपूर्ण होत्या. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या तपासण्या चालू ठेवल्या. 2021 मध्ये निष्कर्ष आले: कॅन्सरला मुख्यतः कारण ठरणाऱ्या 16 आणि 18 या प्रकारांच्या चिवट लागणीपासून एका डोसनं 95 टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलं होतं. केनियातल्या तरुणींवरच्या स्वतंत्र चाचणीनंही एका डोसच्या बाजूनंच कौल दिला आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसचा पर्याय मान्य केला.

खर्चाचे जुने अभ्यास ‘पूर्ण लसीकरण झालेल्या मुलीमागे खर्च’ असा आकडा काढत. एक डोस घेऊन पुन्हा न दिसलेली मुलगी त्या भागाकारात शून्य धरली जाई. तिच्यावर झालेला खर्च वाया गेला असं समजलं जाई. नंतर कळलं की त्या शून्यांतल्या पुष्कळशा मुली सुरक्षित होत्या. त्यामुळे छेदस्थानी काय ठेवायचं याबद्दल मी आता पूर्वीइतका ठाम नसतो. खर्चाचा आकडा कितीही काटेकोर असला, तरी तो ज्यानं भागायचा ती संख्या विज्ञान आणि माणसं मिळून ठरवतात.

एक डोस पुरतो म्हटल्यावर माझ्या जुन्या मतानं पुन्हा डोकं वर काढलं. तोवर तीन डोसांचे दोन झालेच होते; आता त्या दोनांचा एक. लस निम्मी, फेऱ्या निम्म्या, म्हणजे खर्चही निम्मा. बीड-धाराशिवकडची जी मुलगी दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर ऊसतोडीला जाते, ती सहा महिन्यांनी दुसऱ्या डोसच्या वेळी कोल्हापूरकडच्या फडावर असेल की कर्नाटकात, हा प्रश्नच उरला नाही. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पण खर्च निम्मा होईल हे गणित बारकाईनं पाहिलं तर टिकत नाही. मुलींची यादी करणं, शिक्षकांचं प्रशिक्षण, पालकांशी बोलणं, सूक्ष्म कृती आराखडा, हे सगळं एका डोसलाही तितकंच लागतं. शिवाय दोन फेऱ्या असताना पहिल्या दिवशी गैरहजर राहिलेली मुलगी दुसऱ्या फेरीत सापडायची. आता फेरी एकच. ज्या दिवशी लस शाळेत आली त्या दिवशी ती तापानं घरी असेल किंवा धाकट्या भावाला सांभाळत असेल, तर तिला शोधायला वेगळी मॉप-अप फेरी काढावी लागेल. वाचलेल्या दुसऱ्या फेरीचा पैसा तिथे जायला हवा. तो बचत म्हणून परत केला, तर आपण पुन्हा नाकासोंगोलात जाऊन पोचू.

खर्चाच्या या व्यवहारात स्वस्ताईची आणखी एक वाट आहे, आणि तिच्याबद्दल मी जास्त अस्वस्थ आहे. रवांडानं 2011 मध्ये देशभर ही लस सुरू केली आणि पहिल्याच वर्षी प्राथमिक सहावीच्या 93 टक्के मुलींना तिन्ही डोस दिले. श्रीमंत देशांनी हेवा करावा असं हे यश. त्यामागे सुमारे 45,000 गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते होते. गैरहजर आणि शाळाबाह्य मुलींना शोधून काढण्याचं काम त्यांनी केलं. ही माणसं मुख्यतः स्वयंसेवक. प्रत्यक्ष खिशातून गेलेल्या पैशांचाच हिशेब केला तर त्यांचे दिवस शून्याला पडतात. माणसांच्या वेळाचंही मोल धरलं तर आकडा वाढतो. अर्थतज्ज्ञ हे दोन हिशेब वेगळे मांडतात; मी पूर्वी नेमका पहिला वाचून दुसरा सोडून देत असे. आपल्याकडच्या आशाताईंनी मानधनासाठी वारंवार रस्त्यावर उतरणं आणि आरोग्य मोहिमांच्या ‘कमी खर्चात मोठं यश’ छापाच्या बातम्या, यांचा एकमेकांशी संबंध आहे हे मला उशिरा जाणवलं. ज्या मोहिमेची स्वस्ताई एखाद्या बाईच्या बिनपगारी दुपारींवर उभी आहे, ती स्वस्त आहे असं मी आता म्हणत नाही. तिचं बिल दुसऱ्याच कुणाच्या नावे फाडलेलं असतं.

माझ्या जुन्या मतातलं काही मी टाकून दिलेलं नाही. लशीची किंमत अजून उतरली पाहिजे. मोठ्या बाजारपेठेचं बळ वापरून सरकारांनी घासाघीस केलीच पाहिजे. मोहिमांच्या नावाखाली आलिशान हॉटेलांतल्या कार्यशाळा आणि अनावश्यक गाड्या घुसतात, तिथे पेन्सिल चाललीच पाहिजे. देणगीच्या पैशावर थाटात सुरू झालेली मोहीम देणगी आटल्यावर कोण चालवणार, हा प्रश्न तर आजही तितकाच बोचरा आहे. परिचारिकेचा शाळेतला दिवस ही दरवर्षीची, कायमची गरज आहे आणि ती देशाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातच भागवावी लागेल. शिवाय पैसा अमर्याद नसतो. शेवटच्या दहा मुलींना शोधण्यात इतका खर्च झाला की त्यात बाळांची गोवराची लस मागे पडली, तर ते मी मान्य करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2030 पर्यंत पंधरा वर्षांच्या आतल्या 90 टक्के मुलींना लस देण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. शंभर म्हटलेलं नाही, यात मला व्यवहार दिसतो. पण उरलेल्या दहा टक्क्यांत दरवेळी त्याच वस्त्या आणि त्याच मुली असतील, तर त्याला व्यवहार म्हणता येणार नाही.

आमच्या विश्वस्त मंडळात यावर एकमत नाही. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, “तुम्ही हिशेब सोडून समाजसेवक झालात.” मला तसं वाटत नाही. मी हिशेब सोडला नाही, मुख्य माल कोणता हे नव्यानं ठरवलं. फ्रिजमधल्या कुपीत कुणाचाही बचाव होत नाही. बचाव होतो तो लस दंडात गेल्यावर. त्या दोन ठिकाणांमधला सगळा खर्च हा मुख्य खर्च आहे.

त्यामुळे अंदाजपत्रक वाचण्याचा माझा क्रम आता उलटा झालाय. लशीचा दर मी शेवटी बघतो. आधी बघतो की शाळाबाह्य मुलींची यादी करायला पैसे ठेवलेत का, मॉप-अपला किती दिवस धरलेत, पालकसभेला जाणाऱ्या माणसाला एसटीचं भाडं मिळणार आहे का, आणि आशाताईच्या दिवसाची रक्कम लिहिली आहे की ती जागा कोरी आहे. मुलीमागचा खर्च शेजारच्या तालुक्यापेक्षा फारच कमी दिसला तर पूर्वी मी शाबासकीचा शेरा मारत असे. आता मी तो कागद परत पाठवतो आणि सोबत वगळलेल्या मुलींची गाववार यादी मागतो.